उघड्या मानेची कोंबडी

जिजी, परवा तुला मूठमाती देताना लोक हसले. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगते, कारण हसू माझ्यामुळं आलं.

नव्या पाळकसाहेबांनी प्रार्थना नीट म्हटली. त्यांना आपल्या मंडळीत येऊन सहा महिनेही झालेले नाहीत. तुझी आणि त्यांची ओळख म्हणजे तू त्यांना दोनदा "उपाशी दिखतस तुम्ही" म्हणालीस तेवढीच. प्रार्थना झाली आणि एकेकानं पुढं होऊन मूठभर माती टाकली. माझी पाळी आली. मी माती उचलली, कडेला उभी राहिले, आणि मूठ काही उघडेना. सगळे थांबले. पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, सोडा आता." तेव्हा मागून म्हातारा बाबू धल्ला बोलला. तोच, ज्याच्याबद्दल तू वीस वर्षं "हाऊ मन्हा पहिले मरी" असं सांगत होतीस. तो म्हणाला, "साहेब, घाई करू नका. तिना हात लवकर सुटत नही."

जुनी मंडळी हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्याच पदरानं त्यांनी डोळे पुसले. मलाही हसू आलं आणि त्या हसण्यातच मूठ उघडली. पाळकसाहेब मात्र एकदा माझ्याकडं आणि एकदा बाबू धल्ल्याकडं बघत राहिले.

नंतर ते वही घेऊन बसले. मयताचं नाव सारजाबाई. वय कुणालाच माहीत नाही. "आणि आपण मयताच्या कोण?" मी नवापूरच्या शाळेत मास्तरीण आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांकडून उत्तरं काढून घेते, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुलगी म्हणावं, तर तू मला कधी मुलगी म्हटलं नाहीस. पाळलेली म्हणावं, तर तो शब्द तुला चालायचा नाही; पाळतात ते बोकडाला, असं तुझं म्हणणं. पुन्हा बाबू धल्लाच मदतीला आला. "लिलावमा उनी व्हती ती," तो म्हणाला, "कोंबडीसंगे." पाळकसाहेबांनी लेखणी खाली ठेवली.

मी लिलावात कोंबडीबरोबर आले म्हणजे काय, हे त्यांना समजावून द्यायला मला अर्धा तास लागला. हा किस्सा नेहमी तू सांगायचीस आणि मी मध्ये मध्ये दुरुस्त करायचे. आता मी सांगते. चुकलं तर तू दुरुस्त कर.

ते मानमोडीचं वर्ष होतं. ताप चढला की दोन-तीन दिवसांत माणूस मान टाकायचा, म्हणून ते नाव. मोलगीच्या वरच्या डोंगरात आमचं घर होतं, ते आठ दिवसांत रिकामं झालं. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या अंगाला धुराचा वास यायचा, तेवढा आठवतो. मिशनच्या माणसांनी डोंगरातून गोळा केलेली आम्ही सात लेकरं बैलगाडीतून खाली सपाटीला आलो. मी तेव्हा सहा वर्षांची असेन. कळसाडीच्या अलीकडं आपलं चर्च, तेव्हा कुडाच्या भिंतींचं आणि वर पत्रा. त्या दिवशी नेमका कापणीचा सण होता. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं त्यानं वेदीपुढं आणून ठेवलं होतं: ज्वारीची कणसं, भोपळे, कपाशीची बोंडं, अंडी, कोंबड्या. प्रार्थनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी लोकांकडं दुसरं काही नव्हतं, म्हणून बोलीही धान्यातच लागायची. आम्हा सात लेकरांनाही तिथंच, भोपळ्यांच्या रांगेत बसवलं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. दुसरीकडं जागा नव्हती, आणि योसेफ मास्तरांना वाटलं, लोकांनी आम्हाला नीट पाहावं.

योसेफ मास्तर म्हणजे आपल्या मंडळीचे उपदेशक, नगरकडचे, पुस्तकी बोलणारे, आणि तुझ्या हातच्या भाकरीसाठी दोन कोस चालत येणारे. त्या दिवशी त्यांनी दत्तकपणावर उपदेश केला. आपण कुणीच देवाची जन्माची लेकरं नव्हतो, त्यानं आपल्याला दत्तक घेतलं. तेव्हा आता एकेका घरानं एकेक लेकरू घ्यावं. उपदेश पाऊण तास चालला. शेवटी मास्तर म्हणाले, "कोण पुढं येतं?" आणि सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येक घरातून त्या तापात एक तरी माणूस गेलं होतं. बऱ्याच वेळानं तीन जोडपी उठली आणि तीन मुलगे घेऊन बसली. तू हात वर केला नाहीस. करून उपयोगही नव्हता. लेकरू द्यायचं ते जोडप्याच्या घरी, एकट्या विधवेला नाही, असा पंचांचा ठराव होता. तुझा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आपले पंच दुसऱ्या कशात नसले तरी ठरावाच्या बाबतीत फार कडक होते.

मग लिलाव सुरू झाला. तो पुकारायचं कामही मास्तरांचंच, आणि त्यांचा आवाज उपदेशाला एक आणि लिलावाला एक असा वेगळा नव्हता. भोपळे गेले, अंडी गेली. मग त्यांनी माझ्या हाताकडं बोट दाखवलं. माझ्या हातात एक कोंबडी होती. ती तिथं कशी आली ते मला आठवत नाही. धरायला म्हणून कुणीतरी दिली असणार, असंच मी आजवर धरून चालले. मानेवर एक पीस नाही, नुसती लाल कातडी. इतकी कुरूप कोंबडी, की तिला पाहून पाहुण्याची भूक मरावी. मास्तर म्हणाले, "एक कोंबडी. बोला." बायकांच्या चटईवरून तू म्हणालीस, "दोन पायली जवारी." पुढं कुणी बोललंच नाही. कोंबडीच्या रूपामुळं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं.

मास्तरांनी तीनदा पुकारलं, "सारजाबाईंची" म्हणाले आणि माझ्याकडून कोंबडी घ्यायला वाकले. मी सोडली नाही. त्यांनी ओढली. कोंबडी ओरडली, मी ओरडले. डोंगरातल्या बोलीत मी मास्तरांना काय काय म्हटलं ते कुणाला कळलं नाही, हे फार बरं झालं. एक पंच पुढं आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. मी त्याला चावले. तेव्हा तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. नहीतं पोर मरी नहीतं कोंबडी. मी दोन्हीसले लई जास. तिना हात सुटना का पोरले धाडी देसू." म्हणजे हात सुटला की मला मिशनकडं परत धाडणार.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. लिलावात जिची बोली लागली तिच्या घरी वस्तू गेलीच पाहिजे, हा रिवाज त्यांच्या ठरावाहून जुना होता. शिवाय चावणारी पोर कुणीतरी नेत असेल तर अडवायचं कशाला, असाही विचार त्यांनी केला असणार. मी तुझ्या मागोमाग निघाले, कोंबडीसकट.

तुझी अहिराणी मला कळेना आणि माझी बोली तुला. तू काही विचारायचीस, मी ओरडायचे, कोंबडी तिच्या परीनं बोलायची. आपल्या तिघींत तिचंच बोलणं आधी समजलं, तिला दाणे हवे होते. तीन दिवस मी तिला मांडीवर घेऊन बसले. चौथ्या दिवशी तिनं माझ्या मांडीत अंडं घातलं. गरम लागलं म्हणून दचकून माझे हात सुटले. तू चुलीपाशी बसून बघत होतीस. मी तुझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं कोंबडी परत धरली. तू तोंड फिरवून भाकरी थापायला लागलीस, काही पाहिलंच नाही अशी.

रविवारी मास्तरांनी विचारलं, "सारजाबाई, सुटला का हात?" तू म्हणालीस, "नही." पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. "नही ना." तोवर कोंबडी गावभर हिंडत होती आणि शेजाऱ्यांच्या मिरच्या खात होती. एकदा मास्तर भाकरीला आले असताना तिनं त्यांच्या ताटातच चोच मारली. मी तेव्हा विहिरीवर होते. मास्तर म्हणाले, "सारजाबाई, ही तर मोकळी दिसते." तू म्हणालीस, "दिनमा सोडस ती. सांजले परत धरी लेस." मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि विषय बदलला. वर्षभरानं कोंबडीला मुंगसानं नेलं. मी दोन दिवस रडले. त्या रविवारी मास्तरांनी विचारायच्या आधीच तू त्यांना गाठलंस आणि म्हणालीस, "मास्तर, आते कोंबडीच नही. सोडी कशी?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मिशनच्या मडमेनं माझं नाव मार्गारेट ठेवलं होतं. ते उच्चारायला तुझे पुढचे दोन दात कमी पडायचे, म्हणून तू मला पिली म्हणायला लागलीस. मी तुला एकदा माय म्हणाले, तर तू लगेच थांबवलंस. "तुन्ही माय ती तुन्ही माय शे. ती गयी म्हनीसन तिनी जागावर मी कशी बसू? माले जिजी म्हन." तुझं बरोबर होतं, हे आता कळतं. सहा-सात वर्षांच्या पोरीला एवढंच कळलं, की हिला माझी आई व्हायचं नाही.

आणि तुझी ती सवय. हातात काही द्यायचं झालं तर तू नुसतं देत नव्हतीस. तांब्या असो, पाटी असो, घासलेटची चिमणी असो, माझी बोटं त्याच्याभोवती एकेक करून मिटवायचीस आणि वरून दोनदा दाबायचीस. शाळेतल्या मुलींसमोर केलंस की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, "जिजी, माझी बोटं मला मिटता येतात." "येतस वो," तू म्हणायचीस, "पन वस्तू पडी जास ना."

मास्तरांशी तुझं भांडण हा आपल्या घरचा खरा सण. कापणीच्या सणाचा उपदेश तयार झाला की ते आधी आपल्या अंगणात येऊन तो तुझ्यावर घासून बघायचे. तुला अक्षर येत नव्हतं, आणि त्याचं तुला कधी काही वाटलं नाही. आपली कपाशी घ्यायचा तो शहाद्याचा मारवाडी शेठ आठवतो ना? त्यानं मारवाडातून भावाचा मुलगा दत्तक आणला तेव्हा तू मला समारंभ बघायला नेलं होतंस. मुलगा चौदा वर्षांचा आणि चांगला अंगानं भरलेला, शेठ अगदी काटकुळा. विधीत मुलाला मांडीवर बसवलं आणि भटजींचे मंत्र संपेपर्यंत शेठचा चेहरा बघवेना. ते तुझ्या डोक्यात राहिलं. मास्तर आले तशी तू विचारलंस, "दत्तक लेवानं म्हनजे मांडीवर बसाडनं पडस. मंग देवनी मांडी कितली मोठी शे?" मास्तर म्हणाले, "सारजाबाई, ही आत्मिक गोष्ट आहे." "मंग आज आत्मिक भाकर खा," असं म्हणून तू टोपलं उचलून आत नेलंस. मास्तरांना देवाची मांडी मान्य करावी लागली. सणाच्या दिवशी त्यांच्या उपदेशात ती मांडी आली, लोकांना फार आवडली, आणि त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. तू पुढचे दोन रविवार त्यांच्याशी बोलली नाहीस.

त्या दिवशी शेठकडून येताना मीही तुला विचारलं होतं, "मला का नाही कधी मांडीवर बसवलंस?" तू म्हणालीस, "तुन्हा मांडीवर कोंबडी व्हती. मन्हा मांडीवर तू कशी बसशी?"

इथंच आपलं जुनं भांडण येतं, जिजी. मला तुझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. मी विचारायचे, "खरं सांग, त्या दिवशी तुला कोण हवं होतं? मी की कोंबडी?" आणि तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणायचीस, "कोंबडी." आठ-नऊ वर्षांची होते तोवर मला त्याचं हसू यायचं. मग शाळेत एका मुलीनं सर्वांसमोर सांगितलं, की हिला कुणी मागितली नव्हती, कोंबडीवर फुकट आली. मी घरी येऊन रडत रडत पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "कोंबडी," आणि माझ्या हातात केरसुणी दिलीस, बोटं मिटवून. मी केरसुणी फेकली. कोंबडी तर मेली, मग मी कशाला राहू, असं ओरडले आणि मोलगीला जायला निघाले. तुला नाही नाही ते बोलले. तू ओसरीवर बसून "बोल, बोल, पोटभर बोल" म्हणत ऐकत होतीस. मी वेशीपर्यंत पोचले तेव्हा मागून तुझा आवाज आला, "पिली, मोलगी तिकडे नही. हाई वाट धर." तू दाखवलेल्या वाटेनं मी रागारागात चालत राहिले. ती वाट पिंपळाला वळसा घालून आपल्याच परसात निघाली. तिथं तू भाकरी झाकून ठेवली होतीस.

आणि दुसरं भांडण, ते तुझ्याशी नव्हतं. मी चौदा वर्षांची होते. त्या वर्षी मास्तर उपदेशात म्हणाले, की आपल्याला लेकरं म्हणून घ्यायचं हे देवानं सृष्टी घडवण्याआधीच ठरवून ठेवलं होतं. मी घरी येऊन हंडा आपटला. म्हणजे माझी आई मरावी हेही त्यानं आधीच ठरवलं होतं का? मला दत्तक द्यायचं म्हणून आधी पोरकं केलं का? मास्तर ओसरीवरच होते. त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, त्या उत्तराचे तीन भाग होते. पहिल्याच भागात तू त्यांना म्हणालीस, "मास्तर, भाकर खा." मग खाली बसून हंड्याचा पोचा चाचपलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "माले मालूम नही, पिली. मी देवले इचारसू."

तू खरंच विचारायचीस. चुलीपुढं फुंकणी बाजूला ठेवून, शेजारणीशी बोलावं तशी बोलताना मी तुला ऐकलंय. महिन्या-दोन महिन्यांनी मी म्हणायचे, "विचारलंस?" "इचारं." "मग?" "काही बोलना नही. तो मास्तरसारखा नही. त्याले घाई नही." आणि मग ठरलेलं वाक्य, "मी जासू तव्हय समोर बशीसन इचारसू." त्यानं माझं समाधान झालं नाही. पण तीन भागांच्या उत्तरात मी एकटी एका बाजूला होते आणि शास्त्र दुसऱ्या बाजूला. तुझ्या उत्तरात तू माझ्या बाजूला येऊन बसली होतीस. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहूनच गेले.

लग्नात माझ्या सासऱ्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "पोर कोणाची?" तू म्हणालीस, "दोन पायलीनी." नवापूरची मंडळी बिचारी गंभीर, त्यांना हा काही इकडचा मान वाटला आणि त्यांनी माना डोलावल्या. निघताना मी बैलगाडीत चढले आणि तुला शेवटचं म्हणून विचारलं. त्या दिवशी मी थट्टा करत नव्हते. तू माझं गाठोडं बांधत होतीस. तुझे हात जरा थांबले. मग तू म्हणालीस, "कोंबडी," आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या माझ्या हातात दिल्यास, बोटं मिटवलीस, दोनदा दाबलंस. नंदुरबारहून आगगाडीत बसल्यावर त्या दोघी नवापूरपर्यंत ओरडत होत्या आणि मी रडत होते. माझ्या यजमानांना वाटलं, या बाईचा कोंबड्यांवर फार जीव दिसतो.

मागच्या महिन्यात आले तेव्हा तू अगदी एवढीशी झाली होतीस. बोलणं कमी, पण दर थोड्या वेळानं "कोंबड्या झाकन्यात का?" हे चालू होतं. दुपारी तुझे पाय चेपताना मी म्हटलं, "जिजी, आता तरी सांग ना. मी की कोंबडी?" तू डोळे मिटलेस आणि घोरायला लागलीस. तुझं खरं घोरणं मी बारा वर्षं शेजारी झोपून ऐकलंय. हे ते नव्हतं. मी रागावले आणि पाय चेपायचे थांबवले, तर एक डोळा उघडून बघितलंस. दुसऱ्या दिवशी शाळा होती म्हणून मी परतले, आणि नंतर निरोपच आला. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. तुझ्या शवपेटीशेजारी बसून मी हाच विचार करत होते, की सत्तावीस वर्षांत एकदा खोटं का होईना "तू" म्हणाली असतीस, तर तुझं काय गेलं असतं.

आज सकाळी योसेफ मास्तर आले. आता त्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल, काठीनं वाट चाचपत आले. तुझ्या बाजेवर बसले. मी भाकरी केली, त्यांनी खाल्ली, आणि सारजाबाईंची सर नाही हे सांगितलं. मग म्हणाले, "मार्गारेट, ती कोंबडी कुणाची होती, माहीत आहे का तुला?"

मी म्हटलं, "जिजीची. दोन पायल्यांना घेतली."

"त्याच्या आधी कुणाची होती?"

मी त्यांच्यापुढचं ताट उचललं.

"त्यांचीच होती. उघड्या मानेची कोंबडी या गावात एकच होती, सगळं गाव तिला ओळखायचं. त्या दिवशी सकाळी सारजाबाई ती वेदीपुढं वाहायला घेऊन आल्या. तुम्ही सात जण बसला होतात, तू सगळ्यांत शेवटी. बाया तुमच्या हातात गूळ देत होत्या. तुझ्या हातातून तो पडत होता. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तू काही धरतच नव्हतीस. सारजाबाई बराच वेळ तुझ्यापुढं उभ्या होत्या. मग त्यांनी कोंबडी तुझ्या हातात दिली, तुझी बोटं एकेक करून तिच्या पायांभोवती मिटवली, आणि वरून..." मास्तरांनी हवेतच दोनदा दाबून दाखवलं.

"ठरावामुळं त्यांना मूल मागता येत नव्हतं. कोंबडीवर बोली लावता येत होती. स्वतः देवाला वाहिलेलं स्वतःच परत घ्यायचं नसतं, हे आपल्यात लहान लेकरालाही ठाऊक. सगळी मंडळी समोर होती, एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी झालं असतं. पण दुसरी बोलीसुद्धा कुणी लावली नाही."

"पंचांनीही काही म्हटलं नाही?"

"ज्याला तू चावलीस ना, तो सगळ्यांत आधी गप्प बसला."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बाबू धल्ल्याला, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या त्या सगळ्या बायांना. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी मास्तरांना विचारलं, की मला कुणी का सांगितलं नाही. ते म्हणाले, "शपथ घालू नये असं मीच त्यांना शिकवलं होतं, म्हणून त्यांनी शपथ घातली नाही. नुसतं भाकरीचं टोपलं दाखवलं." मग म्हणाले, "मी एकदा विचारलं होतं. पोरगी एवढी रडते, सांगून का टाकत नाही? तर म्हणाल्या..." आणि मास्तरांनी, नगरकडच्या त्या शुद्ध मास्तरांनी, तुझे शब्द तुझ्याच बोलीत म्हणून दाखवले. "दया करीसन लयेल लेकरू मान खाले घालीसन जेवस. तिले वाटू द्या ती कोंबडीसंगे उनी. मंग ती मन्हासंगे भांडी, रुसी, हंडा आपटी. हक्कानी ऱ्हाई."

मास्तर काठी शोधत उठले. "त्याच वर्षी मी उपदेशात लेकराच्या हक्काचा भाग घातला," ते म्हणाले. "तेव्हाही त्यांचं नाव घेतलं नाही." त्यांना बहुतेक माझ्याकडून माफी हवी होती. मी त्यांना सांगितलं, ते तुम्ही वर गेल्यावर दोघं मिळून बघून घ्या.

ते गेल्यावर मी तुझ्या बाजेवर बसून एवढी हसले की शेजारीण धावत आली, आणि आल्यावर तिला मला धरून बसावं लागलं. जिजी, तू सत्तावीस वर्षं माझ्याशी खोटं बोललीस. देवाची कोंबडी देवासमोरून पळवलीस, तीही उपदेश ऐकून लगेच. तुला कोंबडी नको होती. तू ती देऊन टाकायला आली होतीस. तुला मी हवी होते. हे मी माझ्या हातानं लिहितेय आणि परत परत वाचतेय. दयेनं आणलेल्या लेकरासारखं तू कधी मला मान खाली घालून जेवू दिलं नाहीस, आणि त्यासाठी माझं सगळं भांडणं, रडणं, रुसणं स्वतःवर घेतलंस. पाळकसाहेबांच्या वहीत ती एक जागा अजून कोरी आहे. उद्या जाऊन तिथं 'मुलगी' असं लिहायला सांगणार आहे. तुला पटत नसेल तर ये भांडायला.

माझा प्रश्न तेवढा लक्षात ठेव. समोर बसून विचारणार होतीस, विचार. उत्तर मिळालं नाही तरी मी हंडा आपटणार नाही. पण त्याच्या आधी एक काम कर. तिथं माझ्या आईला शोध. चेहरा मला सांगता येत नाही, तिच्या अंगाला धुराचा वास येतो एवढंच. तिची बोली तुला कळायची नाही. तिचा हात हातात घे, बोटं मिटव, दोनदा दाब, तिला समजेल. ती तुला विचारेल, की माझी पोर तुझ्याकडं कशी आली. तिथं कोंबडीचं नाव काढू नकोस, जिजी. तिला तरी खरं सांग.